पाठशाळेचे ग्रंथ आणि हमालाची मजुरी

या वसंतातल्या व्याख्यानांस आम्ही आजवर श्रोता म्हणून मागच्या रांगेत बसत आलो. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून व्यासपीठावर विद्वानांनी बसावे आणि आमच्यासारख्यांनी खाली बसून ऐकावे, असाच रिवाज पडून गेला आहे. यंदा चालकांनी आम्हांस वर बसविले. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते भुसार बाजारात, लेबर ऑफिसच्या बाकावर आणि मिळेल त्या वाचनालयात. तेव्हा 'धर्मविद्येच्या पाठशाळा आणि त्यांचे ग्रंथसंग्रह' हा विषय आम्ही का घेतला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे. ते उत्तर एका मालमोटारीपासून सुरू होते.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सरकी पेंडेची एक मालमोटार एका आडत दुकानापुढे उभी राहिली. आमच्या युनियनची आठ जणांची टोळी वाराईला लागली. निम्मी पोती उतरून थप्पी लागली असेल-नसेल, एवढ्यात दुकानदाराने बाहेरची चार माणसे कमी दराने आणून उभी केली आणि टोळीला म्हणाला, तुम्ही आता जा. झालेल्या कामाची मजुरी मागितली तर म्हणे, काम पुरे कुठे झाले? आम्ही मध्ये पडलो. गृहस्थ माळकरी, बोलण्यात गोड. आम्हांस बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही कायदा सांगता, पण आपल्या धर्मात सेवकाने सेवा करावी, मोबदल्यासाठी हुज्जत घालू नये, असे आहे." कायद्याला आमच्यापाशी उत्तर होते. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा 1969 चा अधिनियम आम्हांला कलमवार पाठ आहे. धर्माला मात्र उत्तर नव्हते, कारण धर्मात काय आहे हे आम्ही कधी वाचलेच नव्हते. खरे सांगायचे तर त्या गृहस्थांनीही वाचले नव्हते. पण त्यांना न वाचता बोलण्याची सवय होती, आम्हांला नव्हती.

मग शोध सुरू झाला. एका मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयात गेलो, तर दारावरच्या माणसाने आमच्या पायांतल्या चपलांपासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत एकदा पाहून विचारले, "कोणत्या कॉलेजचे?" कोणत्याच नाही म्हटल्यावर त्याने रजिस्टर मिटले. त्या संस्थेचे नाव येथे घेत नाही. तो माणूसही आमच्यासारखाच पगारी होता. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी एका निवृत्त संस्कृत शिक्षकांच्या ओळखीने आम्हांस टेबलापाशी बसता आले, आणि त्यांनी कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढून आमच्यापुढे ठेवला. तो होता वाईच्या प्राज्ञपाठशाळेने छापलेल्या 'धर्मकोशा'च्या व्यवहारकांडाचा एक भाग. सगळा संस्कृतात. आम्हांस त्यातले अक्षर लागे, अर्थ लागत नसे. गुरुजी वाचीत, मराठीत सांगत, आणि आम्ही वहीत उतरून घेत असू. असे सहा रविवार गेले.

काय निघाले ते सांगतो. जुन्या धर्मशास्त्रकारांनी न्यायसभेपुढे येणाऱ्या तंट्यांचे अठरा विषय मानले आहेत. कर्ज, ठेव, सीमेचा वाद, वारसा हे त्यांत आहेतच. पण ठरलेले वेतन न देणे हा त्यांतला एक स्वतंत्र विषय आहे. म्हणजे मजुरीवरून हुज्जत घालणे धर्मात बसत नाही, हे म्हणणे पहिल्याच पानावर खोटे पडले. पुढे याज्ञवल्क्याच्या स्मृतीत खास ओझे वाहणाऱ्यांसाठीच नियम निघाला. ओझे उचलणाऱ्याने निघतेवेळी अंग काढून घेतले, तर मजुरीच्या सातव्या हिश्शाएवढी भरपाई त्याने द्यावी. वाटेवर सोडले तर चौथा हिस्सा. निम्म्या वाटेवर सोडले तर पुरी मजुरी. आमच्या टोळीतली माणसे हे ऐकून गप्प झाली, कारण हा नियम हमालावरच उलटत होता. पण त्याच नियमाच्या शेपटाला दोन शब्द आहेत: हमालाला ज्याने काम सोडावयास लावले त्या मालकालाही हाच हिशेब लागू. निम्मी मोटार उतरवून टोळीला घालवून दिलेले! गुरुजींनी चष्मा काढला आणि हसले. आम्ही ते वाक्य वहीत तीनदा अधोरेखित केले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणखी पुढचे सापडले. कामगार व मालक यांच्यातला ठराव शेजारपाजारच्यांना ठाऊक असावा, म्हणजे साक्षीला माणूस मिळतो. वेतन ठरलेले नसेल तर शेतमजुराला पिकाचा, गवळ्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या नोकराला मालाचा दहावा हिस्सा. वेतन बुडविणाऱ्याला दहावा हिस्सा किंवा सहा पण दंड. घेतलेल्या कामाचे वेतन देणेच नाही असे नाकारणाऱ्याला त्याहून मोठा. आणि संघ करून काम करणाऱ्यांनी मिळालेले वेतन ठरल्याप्रमाणे, नाहीतर सारखे वाटून घ्यावे. आमच्या बाजारातली टोळी संध्याकाळी मुकादमाच्या ओट्यावर बसून नेमके हेच करते. तिला कौटिल्य कोण हे ठाऊक नाही.

येथवर ऐकून कोणी टाळ्या वाजवू नयेत, कारण त्याच ग्रंथात दुसरेही आहे आणि ते लपविणे आमच्या धंद्याला शोभणार नाही. मनूने आजारी पडलेल्या मजुराविषयी म्हटले आहे की बरे झाल्यावर त्याने काम पुरे केले, तर कितीही दिवस लोटले तरी त्याला वेतन मिळावे. हे चांगले. पण लगेच पुढे, काम थोडेसे राहिले तरी त्याला काहीच देऊ नये, असेही आहे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी शूद्र हा दास्यासाठीच निर्माण झाला असून मालकाने सोडला तरी तो दास्यातून सुटत नाही, असे आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली ती याच वचनांमुळे. मात्र हेही लक्षात ठेवावे की बाबासाहेबांनी ते ग्रंथ जाळण्याआधी वाचले होते आणि जाळल्यानंतरही वाचत राहिले. दादरला 'राजगृह' बांधताना त्यांनी आपल्या ग्रंथांसाठी जागा आखून घेतली, आणि 1946 साली शूद्र मूळचे कोण यावर मोठा ग्रंथ लिहिला, तो याच जुन्या ग्रंथांच्या आधारे. आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतात, असल्या पोथ्यांना हातच कशाला लावायचा? आम्हांला ते पटत नाही. समोरचा माणूस ज्या कागदाचा धाक घालतो तो कागद आपण पाहिला पाहिजे. नोटीस न वाचता तिला उत्तर देणारा युनियनवाला आम्ही अजून पाहिला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. याज्ञवल्क्य, मनू, नारद, कौटिल्य, त्यांच्यावरचे टीकाकार आणि त्यांच्यानंतरचे निबंधकार हे सर्व मजुरीच्या एकाच विषयाखाली, काळाच्या अनुक्रमाने, पाठभेदांसह आम्हांला एका जागी मिळाले. ही सोय कोणी केली? हे सारे ग्रंथ निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले. ते स्वतंत्रपणे धुंडाळायचे म्हटले असते तर आमचे सहा रविवार नव्हे, साठ वर्षे गेली असती. सातवी शिकलेल्या माणसाला सहा रविवारांत उत्तर मिळावे, एवढी तयारी कृष्णाकाठच्या एका पाठशाळेने करून ठेविली होती.

वाईचे नारायणशास्त्री मराठे, जन्म 1877 चा. प्रज्ञानंद सरस्वती हे त्यांचे गुरू, आणि गुरूंच्याच नावावरून पाठशाळेला 'प्राज्ञ' हे नाव मिळाले. 1916 च्या सुमारास ही संस्था रीतसर उभी राहिली. नारायणशास्त्री पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले व 1955 साली वारले. जुन्या पद्धतीची पाठशाळा म्हणजे गुरूने सांगावे, शिष्याने घोकावे, आणि ग्रंथ म्हणजे गुरूच्या जिभेवर असलेली गोष्ट. शास्त्रीबुवा याच परंपरेत वाढले. पण तोंडपाठ विद्या ज्याच्यापाशी गुरू आहे त्याच्याच उपयोगाची. परक्याला, उशिरा आलेल्याला, शंका घेऊन आलेल्याला तिच्यात वाट सापडत नाही. वाट काढून देणारी साधने म्हणजे कोश व सूची, आणि शास्त्रीबुवांनी आपले आयुष्य अखेर त्यांत घातले. मीमांसाशास्त्राचा त्यांचा कोश 1952 पासून छापू लागला, तो त्यांच्या पश्चात 1966 साली सातव्या खंडाने पुरा झाला. धर्मकोशाच्या व्यवहारकांडाचा पहिला भाग 1937 साली निघाला. त्यात न्यायसभेचे कामकाज आले, आणि तंट्यांचे विषय पुढच्या भागांत. मागाहून उपनिषदे, संस्कार, राजनीती, वर्णाश्रम अशी कांडे निघत गेली. संपादनाचे ओझे मुख्यतः त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाहिले.

या पाठशाळेत 1917 साली एक विद्यार्थी आला. साबरमतीच्या आश्रमातून रजा घेऊन उपनिषदे व ब्रह्मसूत्रे शिकावयास आलेला हा तरुण म्हणजे विनोबा भावे. ते तेथे शिकले हे पुष्कळांना ठाऊक आहे; पण त्यांनी वाईत विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले आणि वाचनालयासाठी पैसा उभा करावयाचा म्हणून मुलांनी लोकांचे दळण दळून दिले, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. त्यातली बरीचशी मुले ब्राह्मणांच्या घरची. जात्याला हात लावण्याची सवय नसलेली. आम्ही आजवर देणगीतून, सरकारी अनुदानातून, श्रीमंताच्या स्मरणार्थ निघालेली वाचनालये पुष्कळ पाहिली. जात्यावर निघालेले हे एकच ऐकले.

लक्ष्मणशास्त्र्यांविषयी तर आमच्यासारख्याला अधिक जिव्हाळा. जन्म 1901, गाव धुळे जिल्ह्यातले पिंपळनेर. वाईस शिकून कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळविली. 1932 साली महात्माजी येरवड्यास असताना अस्पृश्यतेला शास्त्राधार आहे की नाही या वादात ज्या पंडितांनी सुधारणेच्या बाजूने आधार काढून दिले त्यांत हे होते. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी झाले. संस्कृताचा पंडित आणि रॉयवादी, हे एका अंगरख्यात कसे मावते, असे लोक विचारीत. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. जो माणूस एका वचनाखाली त्याच्या उलट वचन रोज छापतो, त्याला कोणतेच वचन अखेरचे वाटेनासे होत असले पाहिजे. 1955 साली साहित्य अकादमीने मराठीतल्या ग्रंथाला पहिल्यानेच पुरस्कार दिला, तो त्यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला. मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक झाले तेव्हा ते कार्यालयही मुंबईपुण्यास न जाता वाईसच आले. 1994 साली ते वारले.

असा कोश करणे म्हणजे काय, हे आम्ही आमच्या माणसांना हजेरीपटाच्या दाखल्याने समजावतो. समजा शंभर दुकानांत शंभर वह्या आहेत आणि प्रत्येकीत आपल्या एका हमालाचे नाव कुठे ना कुठे आले आहे. त्याने आयुष्यभर किती ओझे वाहिले ते काढायचे तर शंभरही वह्या चाळाव्या लागतील, त्याचे नाव काढून एका पानावर मांडावे लागेल, आणि दोन वह्यांत आकडा वेगळा असेल तर दोन्ही आकडे नोंदवावे लागतील. आपल्याला सोयीचा तेवढाच ठेवून चालणार नाही. हे शेवटचे काम सर्वांत अवघड. हमालावर उलटणारा नियम आणि मालकावर उलटणारे दोन शब्द आम्हांला एकत्र मिळाले, ते वाईच्या शास्त्र्यांनी हा प्रामाणिकपणा राखला म्हणून.

काही वह्या तर हरवलेल्याच आहेत. बृहस्पती व कात्यायन यांच्या स्मृती आज अखंड मिळत नाहीत; इतरांनी त्यांतली वचने आपापल्या ग्रंथांत घेतली होती, ती वेचून जुळविली तेवढीच. कात्यायनाची अशी जुळवणी 1933 साली महामहोपाध्याय काणे यांनी केली. ज्या अर्थशास्त्राचा आम्ही वर एवढा आधार घेतला, तेही विसाव्या शतकाच्या आरंभी नावापुरतेच उरले होते. 1905 साली तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात आणून दिली. तेथले ग्रंथपाल शामशास्त्री यांनी ती बाजूला न ठेवता वाचली, आणि 1909 साली छापली. त्या पंडिताने पोथी घरीच ठेविली असती, किंवा ग्रंथपालाने नुसता दाखलनंबर घालून कपाट लावले असते, तर संघाने काम करणाऱ्यांनी वेतन सारखे वाटावे हे वाक्य आजही कुणाला ठाऊक नसते.

ग्रंथ जपणे आणि ग्रंथ देणे या दोहोंत ओढाताण नेहमीचीच आहे, आणि ती आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडात हेरेफर्डच्या मोठ्या देवळात जुने ग्रंथ लोखंडी साखळ्यांनी फळीला जखडलेले आजही दाखवितात. वाचावयाचे असेल त्याने तेथेच बसून वाचावे, साखळी पुरेल तेवढेच पुस्तक हलवावे. आम्ही त्याचे चित्र पाहिले तेव्हा प्रथम राग आला. नंतर वाटले, साखळी होती म्हणून पुस्तक राहिले, आणि साखळीला लांबी होती म्हणून कोणी वाचले तरी. याच्या उलट गोष्ट गोव्याची. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, ते 1616 साली राचोलच्या धर्मविद्यालयात छापले गेले. 1649 व 1654 साली पुन्हा छापले. या तीनही छापांची एकही प्रत आज ठाऊक नाही. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने तिथल्या भाषेवरच बंदी घातली. ग्रंथ उरला तो मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी, हातांनी केलेल्या नकलांत. त्यांवरून 1907 साली तो मंगळुरास पुन्हा छापला. छापखाना असलेल्या विद्यालयाला जे जपता आले नाही ते निर्वासितांच्या पेट्यांनी जपले.

आपल्या पंढरीची कथा या दोहोंच्या मधली. तुकोबांच्या अभंगांची पहिली मोठी चिकित्सक आवृत्ती विष्णुशास्त्री व शंकर पांडुरंग पंडित यांनी 1869 ते 1873 च्या दरम्यान इंदुप्रकाश छापखान्यातून काढली. मुंबई सरकारने तिला 24,000 रुपये दिले. त्या काळी ही रक्कम केवढी, याचा विचार करावा. पंडितांनी ज्या हस्तलिखितांशी ताळा घातला ती देहूची, तळेगावची, कडूसची आणि पंढरपूरची. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या गावातल्या कोणी तरी आपल्या घरचे बाड परक्या माणसापुढे सोडले होते. ते सोडले नसते तर साडेचार हजारांहून अधिक अभंगांचा तो संग्रह तेवढ्यापुरता लंगडा राहिला असता.

परंतु याच गावात दुसरी एक दारे फार उशिरा उघडली. 1 मे 1947 रोजी साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले, ते विठ्ठलाच्या मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून. 10 मे रोजी ते सुटले. या दहा दिवसांवर व्याख्याने पुष्कळ झाली आहेत, आम्ही त्यांत भर घालीत नाही. एवढेच म्हणतो की देवाचे दार उघडण्यासाठी गुरुजी बसले, पोथीच्या रुमालाची गाठ सोडण्यासाठी या गावात अजून कोणी बसलेले नाही. मठांत, फडांवर, जुन्या घरांत बाडे आहेत. पूजेच्या दिवशी त्यांवर हळदकुंकू पडते, पावसाळ्यात त्यांवर कसर पडते. मालकांना आम्ही दोष देत नाही. ज्याच्याकडून बाड नेले आणि परत केलेच नाही, असा अनुभव एखाद्या घराला आला की तीन पिढ्या गाठ सुटत नाही. इतिहाससंशोधक म्हणविणाऱ्या मंडळींनी याचा जाब दिला पाहिजे. राजवाड्यांसारख्या थोर माणसाने 1909 साली ज्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली ती मूळ पोथीच पुढे अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही, हे सांगताना आम्हांलाही संकोच होतो, पण सांगितले पाहिजे. तेव्हा बाड घरातून हलवू नये. घरीच राहू द्यावे, मालकाच्या देखत त्याची छायाचित्रे घ्यावी, कुणाकडे काय आहे याची यादी करून ती गावाच्या वाचनालयात टांगावी, आणि त्या यादीपुढे जो उभा राहील त्याला कॉलेज विचारू नये. मोठी इमारत नको. एक टेबल, एक दिवा आणि संस्कृत-मोडी जाणणारा एक माणूस आठवड्यातून दोन संध्याकाळी, एवढ्याने भागेल. त्या माणसाला मानधन मात्र द्यावे. विद्येचे काम फुकट करावे, ही समजूत आमच्या त्या आडत्याच्या समजुतीहून फारशी वेगळी नाही.

त्या मजुरीचे काय झाले, हे श्रोत्यांच्या मनात असेल. याज्ञवल्क्याचा नियम आम्ही दुकानदाराला वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पुस्तकाला नमस्कार केला आणि पैसे दिले नाहीत. पैसे मिळाले ते लेबर ऑफिसात तिसऱ्या तारखेला, कलमाच्या जोरावर. त्यानंतर मात्र त्यांनी आमच्यापुढे धर्माचे नाव पुन्हा काढले नाही.

मजुरी वाटली त्या संध्याकाळी मुकादमाच्या ओट्यावर आम्ही टोळीला सारा शोध सांगितला. सर्वांत वयस्कर हमालाने सगळे ऐकले, आणि आकडा खांद्यावर टाकीत विचारले, "हे सारं बामणांनी नि राजाच्या माणसांनी लिवलेलं. आपल्यासारख्या कुणाच्या हातचं काही हाये का त्या कपाटात?" त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही. पुढे सापडले. संताजी जगनाडे, चाकणचे तेली, घाणा चालविणारे. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक. त्यांच्या घराण्यातल्या वह्यांवरून विनायक लक्ष्मण भावे यांनी 1919 व 1920 साली तुकोबांचा अस्सल गाथा म्हणून दोन भाग छापले. हे भावे म्हणजे ज्यांनी 1893 साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय काढले तेच. आम्ही पुढच्या रविवारी ओट्यावर जाऊन हे सांगितले. म्हातारा म्हणाला, "तेल्याच्या वहीला तेलाचे डाग असतील." असतील, असे आम्ही म्हणालो.